घड्याळ केवढे असावे?

"काका, छत्तीस घ्यावे की बेचाळीस?"

आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा गेल्या वैशाखात पहिल्याच नेमणुकीवर जबलपूरला रुजू झाला. पहिल्या पगारातून रोज कचेरीत घालण्याजोगे एक साधे, नेटके घड्याळ घ्यावे असा त्याचा मनसुबा होता आणि सल्ल्यासाठी तो आमच्याकडे आला होता. हे आकडे मिलिमीटरचे आहेत, तबकडीच्या घराचा व्यास म्हणून दुकानदार ते सांगतात, हे समजायलाच आम्हांला थोडा वेळ लागला. आमच्या तरुणपणी घड्याळाचा व्यास कोणी विचारीत नसे. किती ज्वेलचे आहे, एकदा चावी दिली की किती तास चालते, फार तर आत पाणी शिरते काय, एवढ्यावर चौकशी संपे. पुरुषांची घड्याळे बहुतेक एकाच मापाची असत. मनगट ज्याचे जसे असेल तसे. परंतु प्रश्न ऐकून आम्ही विचारात पडलो, आणि जो जो मागे पाहू लागलो तो तो ध्यानात आले की, घड्याळाच्या मापाचा इतिहास हा बऱ्याच अंशी आपणा कचेरीतल्या माणसांचाच इतिहास आहे. त्याचे एक प्रकरण तर या जबलपुरातच घडले आहे.

१८६७ साली ईस्ट इंडियन रेल्वेचा रूळ अलाहाबादहून जबलपूरला पोहोचला. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे मात्र सातपुड्याच्या वाटेने यावयाची होती. तिला आणखी तीन वर्षे लागली. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत मुंबई-कलकत्ता हा सलग लोहमार्ग येथे खुला झाला. नकाशावर दोन रेघा जोडल्या गेल्या, पण घड्याळांचे काय? त्या काळी ज्या गावचा सूर्य, त्या गावची वेळ. मुंबई आणि जबलपूर यांच्या सूर्यांत सुमारे २८ मिनिटांचे अंतर, आणि जबलपूर व कलकत्ता यांच्यात सुमारे ३४ मिनिटांचे. इकडची वेळ धरावी तर तिकडची गाडी चुकावी, असा तो प्रकार. रेल्वेने त्यावर तोडगा म्हणून मद्रासची वेळ स्वीकारली. ती मुंबई व कलकत्ता यांच्या मधली होती, आणि मद्रासच्या वेधशाळेतून तारेने देशभर कळविता येत होती.

यात जबलपूरकरांचे भाग्य असे की, हे गाव आणि मद्रास जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. दोहोंच्या वेळांत फरक पडतो तो जेमतेम एका मिनिटाचा. स्टेशनावरची वेळ एक आणि गावची वेळ दुसरी, असा जो घोळ मुंबईकरांनी वर्षानुवर्षे सोसला, तो येथे कोणाच्या वाट्याला आलाच नाही. पुढे १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली तेव्हा जबलपूरचा सूर्य घड्याळाच्या दहा मिनिटे मागे पडला, आणि कोणी फारशी तक्रार केली नाही. मुंबईचे रहिवासी मात्र ३९ मिनिटे सोडायला तयार नव्हते. तेथील महापालिकेने आपली जुनी वेळ थेट १९५५ पर्यंत जपली. मराठी माणूस वक्तशीर नसतो असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. वेळेसाठी एवढी वर्षे भांडणारे दुसरे कोण?

असो. सांगायचे ते हे की, वेळ सूर्यावरून उतरून तारेत शिरली, तसे ती जवळ बाळगणे भाग पडले. स्टेशनमास्तर, गार्ड, तारमास्तर आणि त्यांच्या मागोमाग मामलेदार, मुन्सफ, वकील अशा साऱ्यांच्या खिशात घड्याळ आले. हे घड्याळ चांगले ऐसपैस असे. मोठ्या घड्याळात तोलचक्र मोठे बसते, ते मोठे असले म्हणजे चाल नियमित राखणे सोपे जाते, आणि हलत्या गाडीत, कंदिलाच्या उजेडात काटे चटकन दिसतात. अमेरिकेत १८९१ साली ओहायो प्रांतात किप्टन येथे दोन गाड्यांची टक्कर झाली. एका माणसाचे घड्याळ काही मिनिटे थांबून पुन्हा चालू लागले होते, हे तिचे कारण सांगितले जाते. त्यानंतर तेथील रेल्वेंनी घड्याळांसाठी नियम घालून दिले. त्यांत चालीच्या अचूकतेबरोबर आकारही ठरवून दिला होता. त्यातले लहान मापसुद्धा आतल्या यंत्रापुरतेच सुमारे ४३ मिलिमीटर भरते. घर धरून पन्नासाच्या आसपास. थोडक्यात, ते माप कामाने ठरविलेले होते, हौसेने नव्हे.

ज्यूल व्हर्नच्या 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा' या कादंबरीतला पास्पार्तू हा नोकर पणजोबांचे घड्याळ खिशात घेऊन आपल्या या मुलुखातून जातो आणि काही केल्या त्याची लंडनची वेळ बदलत नाही. कादंबरीतला प्रवास १८७२ चा. पण व्हर्नने अलाहाबादच्या अलीकडे रूळ अपुरा दाखवून आपल्या नायकाला हत्तीवर बसविले. प्रत्यक्षात जबलपूरचा सांधा दोन वर्षांपूर्वीच जुळला होता. आम्हां जबलपूरकरांची ही एक जुनी तक्रार आहे.

खिशातल्या घड्याळाला साखळी आली आणि तेथेच मामला बदलला. गेल्या शतकाच्या आरंभीची आपल्याकडची छायाचित्रे पाहावीत. डोक्यावर पगडी, बंद गळ्याचा कोट, मुद्रा गंभीर, आणि छातीवर साखळीची एक झोकदार कमान. घड्याळ दिसत नाही, पण ते आहे हे समोरच्याला कळलेच पाहिजे अशी व्यवस्था! अर्जदार उभा असताना साहेबाने सावकाश खिशात हात घालावा, झाकण टिचकीने उघडावे, वेळ पाहावी आणि पुन्हा मिटावे, यात वेळ पाहण्यापेक्षा वेळ कोणाच्या हाती आहे हे दाखविण्याचा भागच अधिक होता. अर्जदाराची वेळ उन्हाने चाले, साहेबाची साखळीने.

मनगटी घड्याळ त्या वेळी बायकांचा अलंकार समजत. पुरुषाने ते घालणे म्हणजे बांगडी भरणे, अशी विलायतेतही थट्टा होई. ती थट्टा १९१४ ते १९१८ च्या महायुद्धाने बंद केली. खंदकातल्या शिपायाला एका हातात बंदूक धरून दुसऱ्याने खिसा चाचपण्याची सवड नव्हती. युद्धावरून परतलेल्यांच्या मनगटांवर घड्याळे होती आणि त्यांना हसण्याची कोणाची छाती नव्हती. हिंदुस्थानात वेस्ट एंड या स्विस कंपनीची घड्याळे फौजेत आणि रेल्वेत पसरली. त्यांतल्या एका प्रसिद्ध घड्याळाचे नाव 'सोवार प्रायमा'. हा सोवार म्हणजे आपला घोडेस्वारच होय.

पुढे १९३२ मध्ये पातेक फिलिप या स्विस घराण्याने 'कालात्राव्हा' घड्याळाचा पहिला नमुना काढला. समारंभी पोशाखाच्या घड्याळांचा तो आजही आदर्श समजतात. त्याचा व्यास किती असावा? सुमारे ३१ मिलिमीटर! आज एवढे घड्याळ दुकानात मागितले तर विक्रेता बायकांच्या घड्याळांचे कपाट दाखवील. परंतु त्या काळच्या साहेबी संकेतात हेच योग्य होते. कोटाची बाही, तिच्याआड सदऱ्याची कफ आणि कफेच्या आत पातळसे घड्याळ. चारचौघांत घड्याळ पाहणे हे यजमानाला उठण्याची घाई झाल्याचे सांगण्यासारखे, म्हणून ते झाकलेले बरे. साखळीने जे मिरविले ते कफेने झाकले, हा घड्याळाच्या इतिहासातला मोठा पालट आहे असे आम्हांस वाटते. घड्याळ कोणी पाहायचे, घालणाराने की समोरच्याने, या एका प्रश्नावर त्याचे माप आजवर हलत आले आहे.

मात्र हा विलायती नियम जसाच्या तसा जबलपुरात चालत नाही. मे महिन्यात येथे कोट कोण घालतो? चैत्रापासून भाद्रपदापर्यंत आपण अर्ध्या बाह्यांच्या बुशशर्टात वावरतो. झाकायला कफच नाही, तेव्हा घड्याळ दिवसभर उघडे. त्यात घामाने चामड्याचा पट्टा कुजतो आणि मनगट सुजल्यासारखे होऊन सकाळी बरोबर बसलेले घड्याळ दुपारी आवळते. तेव्हा आपल्याकडे माप ठरवायचे ते कफेवरून नव्हे, टेबलावरून. डावा हात कागद दाबून धरतो, उजवा टिपण लिहितो. घड्याळ जाड असेल तर ते टेबलाच्या कडेवर घासते. रुंद असेल तर चावीचे बोंड हाताच्या पाठीला रुतते आणि संध्याकाळी तेथे लाल वण उमटतो. इंग्रजांनी कफेने जे साधले, ते आपल्याला अंगच्या लहानपणाने साधावे लागते.

आणि नेमके असे घड्याळ एके काळी आपल्याच देशाने तयार केले होते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने एचएमटीने १९६१ मध्ये बंगलोरला मनगटी घड्याळे बनविण्यास आरंभ केला. पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. त्या कारखान्याचे 'जनता' हे घड्याळ सुमारे ३५ मिलिमीटरचे, सतरा ज्वेलचे, रोज सकाळी चावी मागणारे. देवनागरी आकड्यांच्या तबकडीचेही ते निघे. 'सोना' त्याहून पातळ. जिल्हाधिकाऱ्याच्या आणि त्याच्या शिरस्तेदाराच्या मनगटावर एकच घड्याळ दिसावे, ही गोष्ट त्यापूर्वी कधी घडली नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत नागपूरचे उच्च न्यायालय जबलपूरला आले आणि त्याच्याबरोबर कितीतरी मराठी बिऱ्हाडे इकडे आली. त्यांच्यातल्या पुढच्या पिढीने कॉलेजच्या परीक्षेला जाताना मनगटावर बांधले ते हे घड्याळ.

त्याचे सगळेच दिवस सोज्वळ होते असे मात्र नाही. घड्याळ, सायकल आणि रेडिओ ही जावयाची त्रयी आपल्या मध्यमवर्गाला ठाऊक आहे. हुंडाबंदीचा कायदाही १९६१ चाच. पण बोहल्यावर चढण्यापूर्वी घड्याळासाठी अडून बसलेले नवरदेव आम्ही स्वतः पाहिले आहेत, आणि त्यांतले काही पुढे चांगल्या हुद्द्यांवर चढले. अशा घड्याळाचे माप कोणत्या पट्टीने घ्यावे?

काळ पालटला. क्वार्ट्‌झ यंत्र आले. टाटांच्या टायटनने २००२ मध्ये 'एज' हे अवघ्या साडेतीन मिलिमीटर जाडीचे घड्याळ काढून दाखविले. एचएमटी मागे पडली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची घड्याळकंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. दरम्यान जगभर घड्याळे पुन्हा वाढू लागली होती. पाणबुड्यांची, वैमानिकांची ४२, ४४ मिलिमीटरची घड्याळे कचेऱ्यांत दिसू लागली. पाणबुड्याला अंधाऱ्या पाण्यात आकडे मोठे लागतात हे खरे. पण नर्मदेत बुडी न मारता पाणबुड्याचे घड्याळ घालून नस्तीवर सही करणाऱ्याला ते कशासाठी? आम्हांला तरी ती जुनी साखळीच परत आलेली दिसते. सरकारी नोकराच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. १९६४ च्या आचरण-नियमांनी भेटवस्तूंवर आणि ठरावीक रकमेपलीकडच्या जंगम मालमत्तेच्या व्यवहारांवर बंधने घातलेली आहेत. समोर बसलेला माणूस नियम वाचून येत नाही. तो साहेबाचे मनगट वाचतो, आणि मनाशी हिशेब करतो.

इतके ऐकवून झाल्यावर त्या मुलाच्या मनगटाला आम्ही दोरा गुंडाळला. तो भरला सोळा सेंटिमीटर. मग पट्टी आडवी धरून मनगटाची वरची सपाट बाजू मोजली. ती पाच सेंटिमीटरांच्या जरा आत. दुकानदार व्यास सांगतात, पण खरे पाहायचे ते घड्याळाच्या ज्या टोकांना पट्टा अडकवितात त्यांच्यामधले वरपासून खालपर्यंतचे अंतर. ते या सपाट बाजूच्या बाहेर गेले की घड्याळ मनगटावर बसत नाही, लोंबते. बेचाळिसाच्या घड्याळात हे अंतर बहुधा पन्नासाच्या घरात जाते. छत्तिसाचे मात्र दोन्हीकडे थोडी जागा सोडून बसते. जाडी आठ-नऊ मिलिमीटरांच्या वर नसावी, म्हणजे डिसेंबरात कोट घातल्यावर बाही अडकत नाही.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबांचं जनता घरी पडलंय. ते फार लहान दिसेल म्हणून विचारलंच नव्हतं."

पुढल्या खेपेस तो ते घेऊन आला. गोलबाजाराकडच्या एका वृद्ध घड्याळजीकडे आम्ही दोघे गेलो. त्यांनी भिंग लावून पाहिले, कमान बदलावी लागेल म्हणाले, आणि खणातून तसलेच एक मोडके घड्याळ काढून त्याचे भाग तपासू लागले. नवे सुटे भाग सहसा मिळत नाहीत; एक जनता दुसऱ्या जनताच्या पोटातून जगविले जाते. तोवर आम्ही काचेखालची घड्याळे पाहत होतो. चाळिशी लागल्याला आम्हांस बरीच वर्षे झाली. चौतिसाची तबकडी आता हात लांब करून वाचावी लागते आणि सभेत ते बरे दिसत नाही. लहानपणाचा एवढा पुरस्कार केल्यावर आम्ही स्वतःसाठी घेतले ते अडतिसाचे, ठळक आकड्यांचे. मुलगा हसला, पण बोलला काही नाही. त्याच्या वडिलांचे मनगट त्याच्याहून जाड असावे. पट्ट्याला आणखी एक भोक पाडून घ्यावे लागले.