बॉम्बे ब्लड ग्रुप आणि रक्तशुद्धीची थाप

आमच्या वस्तीत दरवर्षी १४ एप्रिलला रक्तदान शिबिर होतं. तिथल्या अर्जात जातीचा रकाना नसतो. त्याच वस्तीत फिरणाऱ्या लग्नाच्या बायोडाटात मात्र पोटजातीचा रकाना असतो, आणि तो सगळ्यात आधी वाचला जातो. या दोन कागदांच्या मध्ये जो खोटेपणा आहे, तो मुंबईच्या एका रुग्णालयातल्या संशोधनाने केव्हाच उघडा पाडला आहे. तो इतिहास आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असायला हवा, म्हणून हा लेख.

परळचं केईएम रुग्णालय १९२६ साली सुरू झालं. त्या काळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात वरच्या जागा गोऱ्यांच्या हाती होत्या. भारतीय डॉक्टर कितीही शिकला तरी तो दुय्यमच. म्हणून केईएमला जोडलेल्या जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाच्या देणगीदारांनी अटच घातली, की इथे शिकवणारे भारतीय असतील. संधी मिळताच काय घडलं ते पाहा. १९४९ साली डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावर सर्पगंधाच्या मुळीचा होणारा परिणाम जगासमोर मांडला. आणि १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे, डॉ. एच. एम. भाटिया आणि त्यांच्या इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद केली. तीन माणसांत सापडलेला हा गट आज जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो.

हा गट म्हणजे काय? आपल्या तांबड्या पेशींवर 'एच' नावाचा घटक असतो. हा पाया. त्याच्यावर 'ए' आणि 'बी' तयार होतात. 'ओ' गटाच्या माणसात नुसता पाया असतो. बॉम्बे गटाच्या माणसात हा पायाच नसतो. साध्या तपासणीत त्याचं रक्त 'ओ' वाटतं. पण त्याला 'ओ' गटाचं रक्त चढवलं, तर त्याचं शरीर त्या पेशी फोडतं आणि जीवावर बेततं. त्याला रक्त लागतं ते बॉम्बे गटाचंच. भारतात असा माणूस साधारण १०,००० मध्ये एक, युरोपात १० लाखांत एक.

आता विचार करा. असा रुग्ण दवाखान्यात पडलेला असताना त्याच्या जातीचे हजार लोक बाहेर उभे राहिले, तरी त्यांतल्या एकाचंही रक्त चालेल याची खात्री नाही. चालेल ते कुणा अनोळखी, परजातीच्या, परधर्माच्या माणसाचं. 'आमचं रक्त वेगळं' म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

हा गुण मुलात उतरायला तो आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. म्हणून जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथे त्याची शक्यता वाढते. इथे आम्हाला बाबासाहेब आठवतात. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या परिसंवादात वाचलेल्या निबंधात त्यांनी सांगितलं, की जातीचं मूळ लक्षण म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. तेव्हा त्यांचं वय २५ वर्षं होतं आणि जनुकशास्त्र बाल्यावस्थेत होतं. पुढे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं, की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथल्या लोकसमूहांची मोठी सरमिसळ झाली आणि नंतर ती थांबत गेली. म्हणजे आधी रक्त मिसळलं, मग दारं बंद झाली. २०१७ च्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समूहांपैकी ८१ समूह असे आढळले, की पिढ्यान्‌पिढ्या आपापसातच लग्नं होत राहिल्यामुळे त्यांच्यात आनुवंशिक आजारांचा धोका वाढलेला आहे. ज्याला हे लोक शुद्ध रक्त म्हणतात, ते खरं तर कोंडलेलं रक्त आहे.

एक सावधगिरी हवी. बॉम्बे गट हा आजार नाही आणि कुठल्या एका जातीची खूणही नाही. त्यावरून कुणाला हिणवणं हा नवा मनुवादच ठरेल. आपला मुद्दा माणसांविरुद्ध नाही, बंद दारांविरुद्ध आहे.

आणि ही दारं फक्त 'त्यांनी' बंद केलेली नाहीत. बावीस प्रतिज्ञा घेऊनही आपण पोटजात पाहूनच सोयरीक जुळवतो. 'जातिनिर्मूलन' ग्रंथात बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला. तो भाषणात म्हणायचा आणि घरात विसरायचा, हे आता थांबवलं पाहिजे.

तेव्हा दोन कामं करू या. पुढच्या शिबिरात रक्तपेढीला विचारू या, की 'ओ' गट निघालेल्या रक्ताची 'एच' साठी तपासणी होते का. एखादा बॉम्बे गटाचा दाता सापडला, तर कुणाचा तरी जीव वाचेल. आणि घरी गेल्यावर बायोडाटातला तो रकाना खोडू या.

जय भीम!