हंगाम संपल्यावरचं विरजण

शिरूरला घोड नदी, दौंडला भीमा. समुद्र दोन्हीकडून लांब. मग खाऱ्या पाण्याच्या गाळणीची गोष्ट इथं कशाला, असं कुणी विचारील. पण गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची पिलंसुद्धा आरंभी मचूळ पाण्यावाचून जगत नाहीत. १९६१ च्या सुमारास त्या वेळच्या मलायात शाओ-वेन लिंग यांना हे आढळलं. तेव्हा तळ्यात सोडायचं बीज तयार होतं, ते खारट पाण्याच्या टाकीतच.

टाकीत तेच पाणी फिरवायचं, तर साठणारा विषारी अमोनिया घालवायचा कोणी? वाट दाखवली ती शेतकीच्या रसायनशास्त्रानं. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लेझिंग आणि म्युन्त्स यांनी वाळू व चुनखडीच्या थरातून सांडपाणी सावकाश झिरपू दिलं. सुमारे वीस दिवस काहीच फरक नाही. मग अमोनिया जाऊन नायट्रेट, म्हणजे सोऱ्यातलाच अंश, दिसू लागला. क्लोरोफॉर्मची वाफ देताच काम थांबलं. ती काढून बागेतल्या मातीचं पाणी घातल्यावर ते पुन्हा सुरू झालं. म्हणजे काम वाळूचं नव्हे, वाळूवरल्या सूक्ष्म जिवांचं! १८९० साली विनोग्राडस्कींनी हे जंतू वेगळे करून दाखवले. काही जंतू अमोनियाचा नायट्राइट करतात, काही त्याचा नायट्रेट.

आता खरी अडचण. हंगाम संपला, टाकी रिकामी झाली. पिलं नाहीत म्हणजे अमोनिया नाही, आणि जंतूंना अन्न नाही. पंप बंद केला की हवाही तुटते. खाऱ्या पाण्यात नवी गाळणी लागायला महिना-दीड महिना सहज जातो. घरातलं विरजण आपण मोडू देतो का? तसंच इथं. टाकी ब्लीचिंग पावडरीनं धुण्याआधी गाळणीतले खडे-शिंपले निराळ्या पिंपात, त्याच खारट पाण्यात ठेवावेत; हवा चालू ठेवावी आणि शुद्ध नवसागर मोजून, थोडा थोडा द्यावा. मात्र टाकीत रोग आला असेल, तर सगळंच निर्जंतुक करून नव्यानं आरंभ करावा. रोगाचं विरजण राखायचं नसतं.

नवी पिलं सोडण्यापूर्वी नवसागराची एक मात्रा देऊन पाणी तपासावं. दिवसाभरात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही गेले, तर गाळणी जिवंत आहे. नाही गेले, तर थांबावं. घाईनं सोडलेली पिलं हाती लागत नाहीत.