थिंकपॅडमधील पंखा व तापमान-संवेदकातील बिघाड
थिंकपॅड ही आयबीएमने १९९२ मध्ये बाजारात आणलेली व २००५ पासून लेनोव्होकडे असलेली लॅपटॉपांची मालिका आहे. तिच्यातील जुन्या लॅपटॉपांत सुरू होतेवेळी पंखा फिरत नसल्याचे आढळल्यास ‘फॅन एरर’ हा संदेश उमटून यंत्र बंद पडते. लिनक्समधील थिंकपॅड-एसीपीआय हा ड्रायव्हर पंख्याचे दर मिनिटाचे फेरे व संवेदकांनी मोजलेले तापमान दाखवतो. त्यातील उणे १२८ हा आकडा तापमान नसून, तो संवेदक उपलब्ध नसल्याची खूण होय. थंड यंत्र सुरू करताच अतिउष्ण तापमान दिसल्यास संवेदकाविषयी शंका घ्यावी लागते. यंत्र बरेच तापूनही फेरे शून्यच राहिल्यास पंखा किंवा त्याची जोडणी तपासतात. फेरे योग्य असूनही तापमान चढेच राहिल्यास साचलेली धूळ अथवा सुकलेली थर्मल पेस्ट हे कारण संभवते. अशा वेळी पंखा बदलणे व्यर्थ ठरते.