न्हाणीमागचा घेवडा

तर झालं असं की, परवा कॉलवर बिल्ड चालू असताना आमचा ऑनसाइटवाला मित्र (मूळचा सोलापूरचा, सध्या न्यू जर्सी) म्हणाला, "फॉल आला रे, थंडीनं करपायच्या आत मेथी काढून घ्यायचीय." मला हसूच आलं. त्याची मेथी संपत आलेली, आणि त्याच आठवड्यात केजला आमच्या आजीनं मेथी टाकली होती.

तिकडे फॉल म्हणजे आवराआवर. आपल्याकडे, निदान मराठवाड्यात, परसबाग खऱ्या अर्थानं आत्ता सुरू होते. हस्ताचा पाऊस होऊन गेलेला, विहिरींना पाणी, काळी माती ओल धरून बसलेली. रब्बीची ज्वारी याच ओलीवर येते. घरात घट बसतात आणि घरामागे मेथी, शेपू, कोथिंबीर, मुळा पडतो. पाणी न्हाणीतून वाहून आलेलं, त्यासाठी वेगळी घागर कोण ओतणार? महिनाभरात मेथी ताटात.

मला या सगळ्यात रस वाटायला लागला २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. नोकरी नवी, लॅपटॉप घेऊन केजला परत आलेलो, आणि दुपारी कंटाळा आला की आजीमागे परसात. "काय करायलास इथं? तुझं काम बघ की," हे रोजचं. पण प्रश्न विचारले की खुलायची.

पहिला धक्का बसला तो 'गावठी' या शब्दाचा. आमच्या परसातली गावठी मिरची, लाल भोपळा, टोमॅटो हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून आली आणि आपण तिला मिऱ्यावरून नाव देऊन टाकलं. ज्ञानेश्वरी १२९० ची. तेव्हा मराठवाड्यात वांगं होतं, पण त्या वांग्यात मिरची नव्हती! ठेच्याशिवाय आमचे पूर्वज भाकरी कशाशी खात असतील, हा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

वालाचा घेवडा मात्र जुना. दक्षिण भारतातल्या उत्खननांत त्याचे तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचे दाणे सापडलेत. याची एक खोड आहे. जुन्या वाणाचा वेल जूनमध्ये लावा, श्रावणात मांडव झाकून टाकेल, पण फूल येणार नाही. खत घाला, पाणी घाला, काही उपयोग नाही. दिवस लहान व्हायला लागले, रात्र एका ठरावीक मापापेक्षा मोठी झाली, की मगच तो फुलतो. आमच्या भाषेत सांगायचं तर ट्रिगर बाहेरून येतो. मग साधारण दिवाळीपासून शेंगा सुरू, त्या संक्रांतीच्या भोगीपर्यंत.

आणि नेमकी इथेच बीड जिल्ह्याची गोष्ट आडवी येते.

१९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ ही नावं आपण शाळेत वाचलेली असतात. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली, आणि ऊस तोडायला माणसं लागली. ती गेली आमच्याकडून. १९७२ च्या दुष्काळानंतर तर जास्तच. आधी मुकादमाकडून उचल घ्यायची, मग दसरा-दिवाळीच्या दरम्यान नवरा-बायकोची जोडी निघाली. या जोडीला नावच आहे 'कोयता'. माणसाला हत्याराचं नाव देणारा दुसरा कुठला धंदा मला तरी माहीत नाही. मुक्काम उसाच्या फडाजवळ कोपीत, आणि परत यायचं कारखान्याचा पट्टा पडल्यावर, उन्हाळ्यात.

म्हणजे हिशोब बघा. परसबागेचे जे चार महिने, तेच घर सोडून जायचे. उरतात म्हातारी माणसं आणि पोरं.

आजीचं लग्न १९७१ चं. दुष्काळात तिनं खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि पुढे कोयत्यावर सतरा सीझन केले. दरवर्षी जूनमध्ये ती न्हाणीमागं घेवड्याचं बी टोचायची. दरवर्षी वेलाला कळ्या दिसायला लागल्या की गाडी जुंपली जायची. शेंगा खायची माझी पणजी आणि तिच्याकडे ठेवलेले माझे बाबा. पणजीच वाळल्या शेंगांचं बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायची. "पेरायची मी अन् खायचा तुझा बाप," आजी म्हणाली. चिडून नाही, सहज.

बाबांना विचारलं तर ते वैतागले. "नाव काढू नको घेवड्याचं. चार महिने दुसरं काही नसायचं." एकाच वेलाची ही दोन टोकं. एकीला तो कधी ओला खायला मिळाला नाही आणि दुसऱ्याला त्याचा वीट आलेला. पण बाबा घरी राहिले म्हणून शिकले, आणि ते शिकले म्हणून मी आज एसीत बसून हे टाइप करतोय, हेही खरं.

१९८८ ला पणजी गेली. बाबा तोवर अंबाजोगाईला शिकायला. त्या हिवाळ्यात घरी कुणीच नव्हतं. आजी उन्हाळ्यात परतली तेव्हा वेल शेळ्यांनी ओरबाडलेला, आणि गाडगं रिकामं. पुढे दुकानातून पाकिटाचं बी आलं. बुटकं झाड, दिवस लहान की मोठा याची त्याला फिकीर नाही, दोनेक महिन्यांत शेंगा. सोय आहे, नाही म्हणत नाही. तिकडे अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घेवड्या-वालाचे कितीतरी जुने वाण घरच्या बियाणे बँकेत जपले. २०२० ला त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आजी टीव्हीसमोर एवढंच म्हणाली, "ती घरी होती."

पाण्याचाही प्रश्न होताच. २०१६ ला आमच्याच तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्या सुमारास न्हाणीतूनही थेंब वाहून येत नव्हता, परसबाग कसली. असो.

यंदा मे महिन्यात बाबांनी परसात सिमेंट करायचं काढलं. गाडी लावायला जागा हवी. मी फोनवर थोडा वाद घातला, पण शनिवार-रविवार येणाऱ्यानं किती बोलायचं? गेलो तेव्हा काम झालेलं. न्हाणीच्या कोपऱ्यात मात्र हातभर रुंदीचं आळं मोकळं सोडलेलं. कुणी सांगितलं, विचारलं तर बाबा म्हणाले, "गवंड्यानंच सोडलं असेल."

तालुक्यातच नात्यातल्या एका म्हातारीकडून मी मूठभर बी आणलं होतं. तपकिरी दाणा, कडेला पांढरी रेघ. आजीनं तळहातावर घेऊन बराच वेळ बघितलं. "असलंच होतं. का थोडं काळं होतं? आता ध्यानात नाही." जूनमध्ये चार दाणे टोचले, तीन उगवले.

आता वेल गच्चीवर पोचलाय. बाबा रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर त्याचा फोटो टाकतात, खाली काही न लिहिता. आजच्याही फोटोत नुसती पानंच आहेत.