सशाच्या मागे अकरा किलोमीटर

आजचा भाग चालत चालत ऐकायचा आहे. शक्य असेल तर बूट घाला, पाण्याची बाटली घ्या आणि माझ्यासोबत चंद्रपूरच्या परकोटाला एक फेरी मारा. फक्त पहाटे निघू या, कारण आमच्याकडे मे महिन्यात सकाळी नऊ वाजताच ऊन अंगावर येतं.

या फेरीचं निमित्त झाली माझी भाची. सहावीत आहे. जटपुरा गेटमधून जाताना तिनं विचारलं, "मामा, हा किल्ला शिवाजी महाराजांचा का?" मी हसलो, पण नंतर ते हसू जिरलं नाही. माझं अख्खं बालपण याच भिंतीच्या आत गेलंय. रायगड, सिंहगड, पन्हाळा मला पाठ होते. पण ज्यांच्या वेशीतून रोज शाळेत जायचो, त्या राजांची नावं मलाही पंचविशीनंतर कळली. म्हटलं, चल, हिला घेऊनच फिरू.

सुरुवात जटपुऱ्यापासून. ही उत्तरेची वेस. दिवसा इथं वाहनांची एवढी कोंडी असते की मान वर करून बघायला कुणाला सवड नसते. पहाटे मात्र दिसतं: कमानीच्या बाजूला दगडात कोरलेला सिंह, आणि त्याच्या तावडीत हत्ती. हे गोंड राजांचं चिन्ह. चारही वेशींवर ते शोधायचं, असा खेळ आम्ही ठरवला.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. पंधराव्या शतकात, साधारण 1470 च्या सुमारास, खांडक्या बल्लाळशाह हा गोंड राजा बल्लारपुरात राहत होता. त्याच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीला आला असताना झरपट नदीच्या डोहातल्या पाण्यानं तो बरा झाला. मग त्याला दिसलं की कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा चक्क त्याच्या कुत्र्याच्या मागे लागलाय! राणी म्हणाली, ही जागा साधी नाही, सशाच्या मागावरच शहराची भिंत बांधा. आणि जिथं सशाचा शेवट झाला तिथं शहराला धोका आहे, तिथले बुरूज भक्कम करा.

गोष्ट छान आहे. पण जटपुऱ्यापासून भिंत डाव्या हाताला ठेवून बाहेरून चालायला लागलं की दुसरंही काही दिसतं. विठोबा खिडकी मागे टाकून आपण पश्चिमेच्या बिनबा गेटला येतो, आणि बाहेर इरई नदी. पूर्वेला झरपट. दोन नद्यांच्या मध्ये हे शहर. पावसाळ्यात वर्धा नदी फुगली की इरईच्या पाण्याला पुढे जायला वाट राहत नाही, ते मागे फिरतं, शहराकडे चढतं. अशा वेळी ही भिंत शत्रूइतकीच पाण्यालाही अडवते. तेव्हा सशानं माग दाखवला असेल, पण नद्याही कुणीतरी नीट पाहिल्या होत्या.

इथं 'खिडकी' या शब्दावर भाची अडली. मोठ्या चार वेशी: जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर. आणि त्यांच्यामध्ये पायी माणसांसाठी पाच लहान दारं, त्यांना आम्ही खिडक्या म्हणतो. विठोबा, हनुमान, मसाण, बगड आणि चोर. हनुमान खिडकीजवळ अंगण झाडणाऱ्या एका आजीनं हटकलं, "काहून फिरून राह्यले बाप्पा इतक्या सकाळी?" म्हटलं, किल्ला पाहतोय. त्या म्हणाल्या, "किल्ला कायचा, आमचं परसदार हाय हे."

मला ते वाक्य फार खरं वाटलं. हा डोंगरावरचा किल्ला नाही, राहत्या शहराची कुंपणभिंत आहे. देवाला जायला एक दार, मेलेल्याला न्यायला एक. माझ्या आजोबांच्या तोंडी कुणी गेल्याची बातमी अशीच यायची: "गेला मसाण खिडकीनं." तो माणूस प्रत्यक्षात कुठूनही गेलेला असो!

दक्षिणेचं पठाणपुरा ओलांडल्यावर थोडं बाहेर पडू या. भिवापूर-लालपेठच्या बाजूला, कोळसा खाणींच्या मुलखात, उघड्यावर प्रचंड एकसंध शिळांची शिल्पं पडलेली आहेत. सगळ्यात मोठी दहा तोंडांची देवी, सुमारे 26 फूट लांब. लोक तिला रावण समजतात. सांगतात की रायप्पा नावाच्या एका धनिकाला मंदिर उभारायचं होतं, मूर्ती घडल्या, पण देऊळ होण्याआधीच तो गेला. भाची त्या पायांशी उभी राहिली तर मुंगीएवढी दिसली.

परत भिंतीशी. बगड खिडकीवरून अंचलेश्वर गेट. इथं अंचलेश्वराचं देऊळ आणि गोंड राजघराण्याच्या समाध्या. सगळ्यात देखणी समाधी बीरशाहची. त्याचा खून झाला, आणि राणी हिराईनं ही वास्तू उभी केली. नंतर दत्तक रामशाह लहान असताना तिनंच राज्य चालवलं. जवळचं महाकालीचं मंदिरही तिचंच. चैत्रात तिथं मराठवाड्यातून हजारो लोक येतात. त्यातल्या किती जणांना हिराईचं नाव माहीत असेल?

आणि भिंत बांधली कुणी? खांडक्याच्या मनात आली, हीरशाहनं वेशी उभ्या केल्या, आणि धुंड्या रामशाहच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, ती पूर्ण झाली. शंभराहून जास्त वर्षं! गोष्टीत ससा एका सकाळीत फेरी पूर्ण करतो. माणसांना त्यासाठी पिढ्या लागल्या. ऐन-ए-अकबरीत इथल्या बाबाजी राजाचं नाव येतं, एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळासह.

1751 मध्ये राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. मे 1818 मध्ये इंग्रजांनी तोफांनी भिंत फोडली, किल्लेदार गंगासिंह लढताना पडला. आणि 21 ऑक्टोबर 1858 ला, आजच्या गडचिरोलीच्या अहेरी भागातल्या मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके इथल्या तुरुंगापाशी फासावर गेला. तो तुरुंग कुठं आहे? गोंड राजांच्या जुन्या राजवाड्याच्या आवारात. राजाच्या घरातच त्याच्या माणसाला फाशी.

चोर खिडकीनंतर पुन्हा जटपुरा. शहरात सगळे याला अकरा किलोमीटर म्हणतात. पण सलग चालता येत नाही. कुठं घरं भिंतीला टेकलीत, कुठं कचरा, कुठं दगडच गायब. मार्च 2017 पासून इको-प्रो संस्थेच्या पोरांनी रोज पहाटे बुरुजांवरची झाडंझुडपं काढली, तेव्हा आमच्यातल्या कित्येकांना कळलं की त्या झाडीखाली बुरूज होता! मलाही.

राणीनं सांगितलं होतं, जिथं ससा पडला तिथं जपा. आज ती जागा एक नाही राहिली. ज्या वळणावर आपण बघणं सोडलं, तिथं दगड निखळतोय.

घरी आल्यावर भाचीनं वहीत चार वेशी आणि पाच खिडक्या काढल्या. सिंह तिसऱ्या वेशीवर तिला आधी दिसला, मला नाही. खाली लिहिलं: 'हा किल्ला गोंड राजांचा. आणि आजींचं परसदार.' मी दुरुस्त काही केलं नाही.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या गावच्या वेशीचं नाव कुणाला तरी विचारून ठेवा.