फुगलेली टोपणं

2006 साली वर्ध्याच्या घरचा आमचा असेंबल्ड पीसी सारखा रिस्टार्ट व्हायला लागला. पुढे तर विंडोजपर्यंत पोचेचना. मी नऊ वर्षांचा. 'गेम खेळून बिघडवला' म्हणून बोलणी मलाच. फॉरमॅट झालं, रॅम पुसून झाली, लोडशेडिंगला शिव्याही घालून झाल्या.

खरं कारण कॉलेजात कळलं. त्या काळात जगभर लाखो मदरबोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर बसले होते, बरेचसे तैवानी. आत वायू साठून टोपण फुगायचं, व्होल्टेज हलायचं, मशीन आपटायचं. 2005 मध्ये डेलने यापायी 30 कोटी डॉलर बाजूला काढले! त्यात तापमान 10 अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं. आणि आमचा तर वर्ध्याचा मे महिना.

परवा माळ्यावरून तो बोर्ड काढला. पाच टोपणं टम्म! बाबांना दाखवला.

"बरं," म्हणाले.