टाकळा : नाव, भाजी आणि औषध

पहिल्या पावसानंतर भिवंडी तालुक्यातील पडीक जमिनीवर व रस्त्यांच्या कडेस टाकळा उगवतो. त्याच्या कोवळ्या पाल्याच्या जुड्या वारली व कातकरी स्त्रिया बाजारात आणतात. रोप फुलोऱ्यास आले की पाला राठ होतो आणि भाजीचा हंगाम सरतो. या भाजीची थोरवी सांगताना हल्ली तिच्या रासायनिक घटकांची नामावळी दिली जाते. परंतु ते घटक वनस्पतीच्या कोणत्या भागातील, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

अमरकोशात या वनस्पतीस प्रपुन्नाड, एडगज, दद्रुघ्न, चक्रमर्दक अशी नावे आहेत. दद्रु म्हणजे नायटा. तेव्हा दद्रुघ्न हे नाव नसून औषधाचा दावाच होय. हिंदीतील ‘चकवड’चे चक्रमर्दाशी नाते उघड आहे. मराठी ‘टाकळा’ मात्र या परंपरेतला दिसत नाही. कोकणी तायकिळो, कन्नड तगचे, तमिळ तगरै व मल्याळम तकर यांच्या शेजारी तो ठेवला, तर हा शब्द दक्षिणेकडील असावा असे मानावयास जागा आहे. त्या नावात रोगाचा उल्लेख नाही. सोळाव्या शतकातील भावमिश्राने चक्रमर्दाच्या फळाचे गुण हरीतक्यादि वर्गात व पानाचे शाकवर्गात सांगितले. पानही तो त्वचारोगहारक मानतो, हे खरे. तथापि भाजी व औषध त्याने एकत्र कालविलेली नाहीत.

रसायनशास्त्र या विषयाकडे आडवाटेने आले. एकोणिसाव्या शतकात मुंबईत नायट्यावर ‘गोवा पावडर’ नावाचे पिवळट चूर्ण विकले जाई. ते मुळात ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाचे. पोर्तुगीज व्यापारामुळे गोव्याचे नाव त्यास चिकटले. 1875 मध्ये ॲटफील्डने त्यात क्रायसोफॅनिक आम्ल असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात मुख्य द्रव्य त्याचेच सजातीय क्रायसारोबिन होते, हे पुढे लीबरमानने दाखविले. पुढे शंभर वर्षांनी, 1975 मध्ये, आचार्य व चटर्जी यांनी टाकळ्यातून क्रायसोफॅनिक आम्लाचे अँथ्रोन वेगळे काढून तेच त्यातील प्रमुख बुरशीनाशक तत्त्व असल्याचे प्रतिपादिले. सातासमुद्रापलीकडून येणाऱ्या चूर्णाचा रासायनिक भाऊबंद मुंबईच्या वेशीबाहेर तण म्हणून वाढत होता! दद्रुघ्न या नावास असा पुरावा मिळाला. पण तो पुरावा बाहेरून लावावयाच्या लेपास उपयोगी; उकडून, कांदा घालून परतलेल्या पाल्याने नायटा जातो, असे त्यावरून सिद्ध होत नाही. बियांत क्रायसोफॅनॉल, इमोडिन, ऱ्हाइन ही अँथ्राक्विनोने आढळतात. त्यांपैकी काही रेचक आहेत. बिया भाजून कॉफीऐवजी वापरतात, ती गोष्ट निराळी.

नावांचा प्रश्न केवळ कोशकारांचा नव्हे. कासविंदा या सजातीय झुडपास मराठीत ‘रानटाकळा’ असेही म्हणतात. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना दरवर्षी होणारा, यकृत, स्नायू व मेंदू यांवर आघात करणारा घातक आजार या झुडपाच्या बिया खाल्ल्याने होतो, असे 2007 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. टाकळ्याच्या पानात दलांच्या बहुधा तीन जोड्या असतात व दलांची टोके गोलसर असतात. कासविंद्याची दले टोकदार असून शेंगा चपट्या असतात. टाकळ्याची शेंग बारीक, लांब व किंचित वाकलेली असते.